मात्सुझाकाचा सौदा: एका उजव्या हाताचे दहा कोटी डॉलर

१४ नोव्हेंबर २००६. अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांचे जनरल मॅनेजर फ्लोरिडातल्या नेपल्समध्ये बैठकीसाठी जमले होते, आणि तिथेच आकडा फुटला: ५ कोटी ११ लाख ११ हजार १११ डॉलर, वर ११ सेंट. बोस्टन रेड सॉक्सने ही रक्कम जपानच्या सेइबू लायन्स या क्लबला देऊ केली होती. कशासाठी? तर दाइसुके मात्सुझाका नावाच्या २६ वर्षांच्या पिचरशी (चेंडू टाकणारा, बेसबॉलमधला गोलंदाज) बोलणी करायला मिळावीत म्हणून. पगाराचा विषय अजून निघालाच नव्हता. त्या वेळच्या दराने हे साधारण २३० कोटी रुपये झाले, नुसतं समोरासमोर बसायचे.

महिनाभराने, १४ डिसेंबरला, करार झाला. सहा वर्षं, ५ कोटी २० लाख डॉलर. दोन्ही मिळून १० कोटी ३१ लाखांच्या वर.

हा सौदा महाग पडला का, असं विचारलं की बहुतेक जण थेट निकालाचं पान उघडतात. बोस्टनसाठी ५० विजय, ३७ पराभव, शेवटची चार वर्षं दुखापतींची. म्हणजे पैसे बुडाले, विषय संपला. मला हा हिशेब आळशीपणाचा वाटतो. सौदा जोखायचा तर आधी सही करताना टेबलावर काय होतं ते बघायला हवं, आणि पुढे काय घडलं ते त्यानंतर, वेगळ्या खात्यावर. तसं पाहिलं तर मात्सुझाकाची किंमत फार चुकीची नव्हती असं दिसतं. तिची विभागणी मात्र चुकीची होती: निम्मे पैसे अशा हातात गेले, ज्याला त्या खांद्याचं आणि कोपराचं पुढे काय होतं याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं.

त्यासाठी ‘पोस्टिंग’ची भानगड समजून घ्यावी लागते. जपानी लीगमधल्या खेळाडूला स्वतःच्या मर्जीने परदेशी जायचं तर तेव्हा नऊ मोसमांची अट होती. मात्सुझाकाचे आठ झाले होते. मुदतीआधी जायचं असेल तर क्लबने त्याला ‘पोस्ट’ करायचं, म्हणजे विक्रीला काढायचं. अमेरिकन क्लबांनी बंद पाकिटातून बोली लावायची. सर्वांत मोठी बोली ज्याची, त्यालाच तीस दिवस खेळाडूशी बोलायचा हक्क. करार झाला तर बोलीची रक्कम जपानी क्लबला, फिसकटला तर रक्कम परत आणि खेळाडू पुन्हा जुन्या क्लबात. मुंबईकरांना पागडीची खोली घेताना कसं असतं हे सांगायला नको. आधी एकरकमी पागडी मोजायची, मग महिन्याचं भाडं वेगळं, आणि छत गळायला लागलं तर पागडी घेणारा दारात उभा राहत नाही.

क्रिकेटवाल्यांना आणखी जवळचं उदाहरण आहे. २०१० च्या आयपीएल लिलावात बोलीला साडेसात लाख डॉलरची मर्यादा होती. कायरन पोलार्डवर अनेक संघ त्या मर्यादेला येऊन थडकले, तेव्हा गुप्त टायब्रेकर बोली झाली आणि मुंबई इंडियन्सने बाजी मारली. वरचे पैसे पोलार्डला मिळाले नाहीत, ते बोर्डाकडे गेले. खेळाडूचं मोल ठरतंय, पण त्यातला मोठा वाटा खेळाडूला शिवतही नाही, अशी ही रचना. मात्सुझाकाचंही तेच झालं. त्या ५ कोटी ११ लाखांतला एक सेंटही त्याचा नव्हता.

आता माल काय होता ते बघू.

जपानमध्ये ऑगस्ट म्हणजे कोशिएन, शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा. आपल्याकडे शालेय क्रिकेट कुठल्याही थराला गेलं तरी अख्खा देश काम टाकून टीव्हीसमोर बसला असं कधी झालं नाही, तिथे होतं. १९९८ साली योकोहामा हायस्कूलचा हा पोरगा उपांत्यपूर्व सामन्यात पीएल गाकुएनविरुद्ध १७ डाव टाकत राहिला. नेहमीचा सामना नऊ डावांचा असतो. २५० चेंडू, सगळे एकट्याचे. आदल्याच दिवशी त्याने पूर्ण सामना टाकला होता. दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी. पिचिंग शक्यच नव्हतं, म्हणून हाताला पट्टी गुंडाळून लेफ्ट फील्डला उभा केला. आठव्या डावात संघ ०-६ ने मागे होता, तेव्हा परतफेड सुरू झाली. त्याने ती पट्टी काढली आणि वॉर्म-अपला गेला. नवव्या डावात मैदानात उतरला, सामना ७-६ ने जिंकला. आणि त्याच्या पुढच्या दिवशी अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं) मिळू दिली नाही.

ही कथा ऐकून जपानी माणसाचा ऊर भरून येतो. विमा कंपनीच्या माणसाच्या पोटात गोळा यावा. खरेदीदाराने ती दोन्ही कानांनी ऐकायला हवी होती.

सेइबूकडे आठ मोसमांत १०८ विजय, सुमारे १४०० डाव. २००२ मध्ये कोपराने दगा दिला होता, तरी नंतर तो झेपावलाच. २००६ चा मोसम १७-५ (विजय-पराभव), ईआरए २.१३. (नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा म्हणजे ईआरए, जितका कमी तितका बरा.) १८६ डावांत २०० स्ट्राइकआउट, म्हणजे पिचरने चेंडूवर चकवून बाद केलेले बॅटर. त्याच वर्षी मार्चमध्ये पहिलं वर्ल्ड बेसबॉल क्लासिक जपानने क्यूबाला हरवून जिंकलं, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू मात्सुझाका. म्हणजे त्याची पारख फक्त जपानी मैदानांवर झालेली नव्हती.

आणि वय २६. हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. अमेरिकन लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्याशिवाय खेळाडू बाजारात मोकळा होत नाही, त्यामुळे पहिल्या दर्जाचा पिचर हाती लागतो तो बहुधा २८-३० चा. ऐन उमेदीतली वर्षं जुन्या क्लबने स्वस्तात वापरून घेतलेली असतात. २६ वर्षांचा तयार पिचर खुल्या बाजारात जवळजवळ येतच नाही.

बोस्टनची गरजही खरी होती. २००६ मध्ये ८६-७६, गटात तिसरा क्रमांक. त्यांचा पिचर कर्ट शिलिंग ४० चा झाला होता, गंमत म्हणजे बोली जाहीर झाली त्याच दिवशी. टिम वेकफिल्डही चाळिशीत. जॉश बेकेटचा ईआरए ५ च्या वर, आणि तरुण जॉन लेस्टरला कर्करोगाचं निदान झालेलं. त्या हिवाळ्यात पर्याय काय होते? बॅरी झिटो: सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने सात वर्षांचे १२ कोटी ६० लाख मोजले. जेसन श्मिट: डॉजर्सने तीन वर्षांचे ४ कोटी ७० लाख. गिल मेश, ज्याला मधल्या फळीतला पिचर म्हणणंही तेव्हा अनेकांना जड जायचं, त्याला कॅन्सस सिटीने पाच वर्षांचे साडेपाच कोटी दिले. बाजार तापलेला होता. अशा बाजारात १० कोटी हा आकडा वेडेपणाचा नव्हता.

पण बोली? बंद पाकिटाची खोड अशी की जिंकणारा स्वतःच्या आकड्याला बांधला जातो, दुसऱ्याचा आकडा कितीही खाली असो. तेव्हाच्या बातम्यांनुसार न्यूयॉर्क मेट्स ४ कोटींच्या आसपास होते आणि यांकीज ३ कोटींच्या थोडे वर. हे खरं धरलं तर जिंकण्यासाठी लागले असते त्यापेक्षा कोटीभर डॉलर बोस्टनने जास्त लावले. सहा वर्षं कट्टर प्रतिस्पर्धी यांकीजच्या पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांत हा माणूस समोर उभा राहील ही भीती त्यात नक्की होती. बोस्टनने केवळ यांकीजची वाट अडवण्यासाठी बोली लावली, करार करायचाच नाही, अशी कुजबुजही झाली. मला ती पटत नाही. दुसरा जवळचा आकडा मेट्सचा होता, आणि जपानभर नाचक्की करून घेऊन बोस्टनच्या हाती काय लागलं असतं?

त्यापुढचा महिना मात्र बोस्टनने चांगला खेळला. समोर एजंट स्कॉट बोरास, ज्याचं नाव ऐकून मालकांना घाम फुटतो. बोरासचं म्हणणं साधं: माझ्या खेळाडूचा बाजारभाव बघा, तुम्ही सेइबूला काय दिलं तो तुमचा प्रश्न. बोस्टनचं म्हणणं त्याहून साधं: खिसा एकच आहे. दोघांपैकी अडचणीत कोण होतं, तर मात्सुझाका. दुसऱ्या कुठल्या क्लबशी तो बोलू शकत नव्हता, आणि करार फिसकटला तर लायन्सच्या गणवेशात मान खाली घालून परतायचं होतं. मुदत संपत आली तेव्हा मालक जॉन हेन्री, अध्यक्ष लॅरी लुकिनो आणि जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन स्वतः कॅलिफोर्नियात बोरासच्या गावी जाऊन बसले आणि विमानात खेळाडूला घालूनच बोस्टनला परतले. वर्षाला सरासरी ८७ लाख. त्याच्या तोडीच्या पिचरला हा पगार कमीच.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं, कारण वर्तमानपत्रांनी १० कोटी ३१ लाखांना सहाने भागून वर्षाला १ कोटी ७२ लाख असा आकडा छापला आणि तिथेच थांबले. पोस्टिंगची रक्कम सहा हप्त्यांत जात नाही, ती सुरुवातीलाच जाते. आठ टक्के व्याज धरलं तर ५ कोटी ११ लाखांचा सहा वर्षांचा वार्षिक हप्ता येतो सुमारे १ कोटी १० लाख. त्यात ८७ लाखांचा पगार मिळवला की खरी वार्षिक किंमत १ कोटी ९७ लाख. झिटोची सरासरी १ कोटी ८० लाख होती. म्हणजे मात्सुझाका त्या हिवाळ्यातला स्वस्त पिचर मुळीच नव्हता. कागदावरचा पगार पाहून ज्यांनी ‘बोस्टनने बोरासला गुंडाळलं’ म्हणून टाळ्या वाजवल्या, त्यांनी पागडी विसरून फक्त भाडं मोजलं.

दुसऱ्या बाजूला एक सवलत होती, आणि ती लहान नव्हती. अमेरिकन लीगमध्ये संघाचा एकूण पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ‘लक्झरी टॅक्स’ बसतो. २००७ साठी मर्यादा १४ कोटी ८० लाख होती, आणि ती वारंवार ओलांडणाऱ्याला वरच्या रकमेवर ४० टक्के. पोस्टिंगची रक्कम या मोजणीत धरत नसत. मात्सुझाकाला तेच सगळे पैसे पगार म्हणून दिले असते तर मोजणीत दरवर्षी आणखी ८५ लाख चढले असते, आणि मर्यादेवर असलेल्या क्लबला त्यावर ३४ लाखांचा कर पडला असता. बोस्टन मर्यादेच्या आसपासच वावरायचं. मोठ्या क्लबांना पोस्टिंगचा मार्ग गोड का लागायचा, ते यात आहे. लहान क्लब मर्यादेच्या जवळपासही नसतात, त्यांना ही सवलत शून्य.

मग जपानी पैशाची बाजू. तेव्हा रोज कुणीतरी लिहायचं की जाहिराती, प्रक्षेपण आणि जर्सी यांतूनच वसुली होईल. यातला बराच भाग हवेतला होता. परदेशी प्रक्षेपणाचं उत्पन्न लीग गोळा करते आणि तीसही क्लबांना सारखं वाटते. टोकियोत मात्सुझाकाचा सामना कोटी लोकांनी पाहिला तरी बोस्टनचा वाटा तिसावा. तिकिटं? फेनवे पार्क हे जुनं, जेमतेम ३७ हजारांचं मैदान, आणि मे २००३ पासून तिथला प्रत्येक सामना हाउसफुल्ल चाललेला. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? मैदानातल्या जपानी कंपन्यांच्या पाट्या, थोडं पर्यटन, एवढंच खरं जादा उत्पन्न. २००८ चा मोसम रेड सॉक्सने टोकियोत सुरू केला आणि पहिल्या सामन्यात बोस्टनकडून सुरुवात मात्सुझाकाने केली, नाव झालं, पण तोही सोहळा लीगचा होता. रिकाम्या खुर्च्यांच्या एखाद्या क्लबने हा माणूस घेतला असता तर त्याच पैशांचा व्यापारी हिशेब जास्त जुळला असता. बोस्टनला तो फक्त खेळाच्या बळावर परवडायला हवा होता.

खेळ कसा झाला?

५ एप्रिल २००७ ला कॅन्सस सिटीच्या थंडीत पदार्पण: सात डाव, एक धाव, दहा स्ट्राइकआउट. आठवड्याने फेनवेवर सिॲटल, आणि समोर पहिलाच बॅटर इचिरो सुझुकी. त्या दिवशी इचिरोला मात्सुझाकाने काही करू दिलं नाही, पण सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझने बोस्टनला अख्ख्या सामन्यात एक हिट दिली आणि सामना गेला. पहिला मोसम १५-१२, ईआरए ४.४०, दोनशेवर डाव, दोनशेवर स्ट्राइकआउट. ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात सुरुवात त्याने केली आणि विजय त्याच्या नावावर लागला. कोलोराडोविरुद्ध वर्ल्ड सीरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, तिसरा सामनाही त्याचाच. त्यात त्याने स्वतः बॅट घेऊन दोन धावाही आणल्या. बोस्टन विजेता.

२००८ मध्ये १८-३, ईआरए २.९०. आकडे दृष्ट लागण्यासारखे, पण जवळून पाहणाऱ्याला चैन पडत नसे. १६७ डावांत ९४ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस), लीगच्या दोन विभागांपैकी बोस्टनच्या विभागात सर्वाधिक. तो बॅटरला सोपा चेंडू द्यायचाच नाही. कडेकडेने, कोपऱ्याकोपऱ्याने टाकायचा, बेस भरून घ्यायचा आणि मग सुटायचा. चेंडूंचा आकडा पाचव्या डावातच शंभराजवळ जायचा. सरासरी एका सामन्यात सहा डावसुद्धा नाहीत. उरलेले तीन-चार डाव बुलपेनमधल्या इतरांनी, म्हणजे राखीव पिचरांनी ओढायचे. जपानमध्ये आठवड्यातून एकदा उतरून सामना संपेपर्यंत टाकणारा माणूस इथे दर पाचव्या दिवशी उतरत होता आणि शंभर चेंडूंना थांबवला जात होता.

खरा तिढा इथे होता. दोन सामन्यांच्या मध्ये लांब पल्ल्याची फेक, सरावात शंभरावर चेंडू, असं करत त्याचा खांदा घडला होता. क्लबचं शास्त्र उलटं: हात जपून वापरा. दोन्ही बाजूंना आपल्या बाजूने पुरावे होते. २००९ मध्ये तो पुन्हा वर्ल्ड बेसबॉल क्लासिक खेळला, पुन्हा सर्वोत्तम ठरला, आणि बोस्टनला परतला तो मोडूनच. जुलैत त्याने जपानी पत्रकारांजवळ अमेरिकन सरावपद्धतीबद्दल तक्रार केली आणि क्लबचे लोक भडकले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एका जपानी नियतकालिकाला त्याने सांगितलं की त्या स्पर्धेच्या तयारीतच पायाला दुखापत झाली होती आणि त्याने ती लपवली. ज्या हातावर दहा कोटी लागलेत, त्या हाताचा मालक कुणासाठी किती झिजायचं हे स्वतःच ठरवत होता. करारात याला उत्तर नव्हतं. असू शकतं असंही मला वाटत नाही. देशासाठी खेळू नकोस असं मात्सुझाकाला कोण सांगणार होतं?

पुढचं झरझर सांगता येतं. २००९ मध्ये ४-६, २०१० मध्ये ९-६, जून २०११ मध्ये कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध बदलण्याची), २०१२ मध्ये १-७ आणि ईआरए ८.२८. सहा वर्षांत एकूण ६६८ डाव, त्यांतले ३७२ पहिल्या दोन वर्षांतले. ५० पैकी ३३ विजयही तिथलेच.

एका डावाला साधारण १ लाख ५४ हजार डॉलर पडले. झिटोने जायंट्ससाठी ११३९ डाव टाकले, म्हणजे डावाला १ लाख १० हजार, पण ईआरए ४.६२ आणि ६३-८० असा लेखाजोखा. २०१० च्या विजेतेपदाच्या वेळी त्याला प्लेऑफच्या संघातही घेतलं नव्हतं. २०१२ मध्ये मात्र त्याने वर्ल्ड सीरीजचा पहिला सामना जिंकून दिला. श्मिटने ४ कोटी ७० लाखांत डॉजर्सला तीन विजय दिले. आणि यांकीज? मात्सुझाका हुकल्यावर त्यांनी हान्शिन टायगर्सच्या केइ इगावासाठी २ कोटी ६० लाख १९४ डॉलर पोस्टिंग भरलं (१९४ हे त्याचे २००६ मधले स्ट्राइकआउट), वर पाच वर्षांचे २ कोटी पगार. मिळाले दोन विजय, ईआरए ६.६६. या रांगेत मात्सुझाका वाईट दिसत नाही.

त्याच हिवाळ्यात बोस्टनने आणखी एक जपानी पिचर घेतला होता, हिदेकी ओकाजिमा. तो मोकळा खेळाडू असल्यामुळे पोस्टिंग नाही, दोन वर्षांचे २५ लाख डॉलर. अनेकांनी त्याला मात्सुझाकाच्या सोबतीला आणलेला गडी मानलं. अमेरिकेतल्या पहिल्याच चेंडूवर त्याने होमरन खाल्ला, आणि मग त्या मोसमात २.२२ चा ईआरए राखून निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात गेला. डावामागे खर्च काढला तर त्या विजेत्या संघात त्याच्याइतके वसूल झालेले पैसे थोडेच.

माझं मत विचाराल तर २००६ च्या नोव्हेंबरात बोली लावणं बरोबर होतं. ५ कोटी ११ लाखांची लावणं बरोबर नव्हतं, ४ कोटी २०-३० लाखांपर्यंत मी गेलो असतो आणि हरलो असतो तर हळहळलो नसतो. कारण पोस्टिंगचा प्रत्येक डॉलर पूर्ण जोखमीचा असतो. पगाराच्या डॉलरवर निदान काहीतरी रचता येतं: हप्ते मागे ढकलता येतात, काही भाग कामगिरीला बांधता येतो, गरज पडली तर खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन ओझं वाटून घेता येतं. सेइबूला दिलेल्या डॉलरचं यातलं काहीच करता येत नाही. कोपर सही झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी गेलं असतं तरी सेइबूला पत्र लिहिण्यापलीकडे काही शक्य नव्हतं.

क्लबांना हे उमगायला आणखी एक खेप लागली. २०११-१२ च्या हिवाळ्यात टेक्सास रेंजर्सने यू दार्विशसाठी ५ कोटी १७ लाख ३ हजार ४११ डॉलर बोली लावून पगाराचे ५ कोटी ६० लाख दिले. पुन्हा तीच जवळपास निम्मी-निम्मी वाटणी. २०१३ च्या डिसेंबरात पोस्टिंगवर २ कोटींची मर्यादा आली, आणि तेवढी रक्कम भरायला तयार असलेल्या प्रत्येक क्लबशी बोलायची मुभा खेळाडूला मिळाली. लगेच मासाहिरो तानाकाला यांकीजने सात वर्षांचे साडेपंधरा कोटी दिले. आता मर्यादाही गेली. सध्याच्या नियमात जपानी क्लबला कराराच्या पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, त्यावरच्या रकमेवर १५ टक्के मिळतात. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सने योशिनोबू यामामोतोला १२ वर्षांचे साडेबत्तीस कोटी दिले, तेव्हा या सूत्राने त्याच्या जपानी क्लबच्या, ओरिक्सच्या, वाट्याला ५ कोटी ६ लाखांच्या आसपास आले. सेइबूला मात्सुझाकासाठी मिळाले होते जवळपास तेवढेच, पण सहापट मोठ्या करारावर.

बोस्टनचे १० कोटी ३१ लाख आजच्या सूत्रात घातले तर मात्सुझाकाच्या हातात सुमारे ८ कोटी ८० लाख पडतात आणि सेइबूच्या तिजोरीत दीड कोटी. बोस्टनचा एकूण खर्च तेवढाच. पण मग ते सगळे ८ कोटी ८० लाख पगारपत्रकावर दिसले असते, वर्षाला १ कोटी ४७ लाख, लक्झरी टॅक्सच्या मोजणीसकट. त्या आकड्यावर हेन्रींनी सही केली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे.